यू व्हिसा: सगळं अडतं ते एका सहीपाशी

नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बाईला घरात मार बसतो. पोलिसांत गेलं तर त्याची नोकरी जाईल, त्याच्यामागोमाग आपला एच-४ हा बायकोचा व्हिसाही जाईल, या भीतीने ती गप्प बसते. मग कुणीतरी सुचवतं, "व्हावाचा अर्ज टाक." हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. व्हावा म्हणजे घरात हिंसा सोसणाऱ्यांसाठीचा अमेरिकी कायदा. त्यासाठी मारणारा नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक लागतो, एच-१बीवाल्याच्या बायकोला त्याचा उपयोग नाही. तिच्या कामाचा आहे तो यू व्हिसा. गुन्हा सोसलेल्या आणि तपासाला मदत केलेल्या परदेशी माणसासाठी २००० सालच्या कायद्याने तो आणला. पासपोर्ट काढून घेऊन राबवलेला कामगार, चाकूहल्ला झालेला दुकानातला पोऱ्या, यांनाही तो मिळू शकतो. मी कॅलिफोर्नियात अशा फायली वकिलांबरोबर बसून लावते, त्यामुळे उदाहरणं इथलीच देते.

वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधी गाठला आहे, असं मी धरून चालते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे काका वकील नव्हेत.

गुन्हा यादीत बसतो का?

घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग, डांबून ठेवणं, खंडणी, वेठबिगारी, साक्षीदाराला धमकावणं, गंभीर हल्ला अशी कायद्यात लांबलचक यादी आहे. साधी चोरी त्यात नाही. 'लूटमार' हा शब्दही नाही, पण शस्त्र रोखून लुटलं असेल तर ते गंभीर हल्ल्यात बसू शकतं. याच फटीतून काहींनी २०२३ पासून मॅसॅच्युसेट्स आणि इतर राज्यांतल्या दुकानांत खोट्या लुटीची नाटकं केली. एकाने तर लुटवून घेण्यासाठी २०,००० डॉलर मोजल्याचा आरोप झाला. त्यांच्यातल्या सूत्रधाराला तुरुंगवास झालाच, पण आता खरोखर लुटल्या गेलेल्या भारतीय दुकानदाराच्या फाईलकडेही संशयाने पाहिलं जातं.

तक्रार

९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावल्यावर दुभाषा मागा, आणि मराठीचा मागा. "हिंदी चालेल" म्हणू नका, घाबरलेली बाई परक्या भाषेत अर्धंच सांगते. आणि नवऱ्याला दुभाषा होऊ देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका अहवालात "शाब्दिक वाद" एवढंच लिहिलेलं होतं, कारण पोलिसांशी बोलला होता मारणाराच. पुरवणी जबाब देऊन ते दुरुस्त करायला आम्हाला फार धावपळ करावी लागली.

केस नंबर, अधिकाऱ्याचं नाव आणि बॅज नंबर त्याच दिवशी वहीत लिहा.

सप्लिमेंट बी: इथेच सगळं अडतं

आय-९१८ हा मुख्य अर्ज. त्याला सप्लिमेंट बी नावाचं प्रमाणपत्र जोडावंच लागतं, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. या बाईने गुन्हा सोसला आणि तपासाला मदत केली, करते आहे किंवा करेल, एवढं त्यात तपास यंत्रणेने लिहून द्यायचं असतं. सही यंत्रणेच्या प्रमुखाची किंवा त्याने नेमलेल्या वरिष्ठाची लागते. घरी आलेला हवालदार कितीही भला असला तरी त्याची सही चालत नाही. म्हणून ठाण्याच्या खिडकीवर कागद ठेवून परत येऊ नका. यू व्हिसाची सही इथे कोण करतं, हे आधी फोनवर विचारा.

फॉर्म कोरा पाठवू नका. तो यंत्रणेचा असला तरी कच्चा आपणच भरायचा: घटनेची तारीख, दंडसंहितेचं कलम, गुन्ह्याचा प्रकार, जखमा, आणि मदत केव्हा केव्हा केली ते. त्या वहीतल्या नोंदी इथे उपयोगी पडतात. कलमाचं नाव आणि यादीतलं नाव वेगळं असतं. अहवालात 'बॅटरी' (म्हणजे मारहाण) लिहिलेलं असतं, आणि ती नवऱ्याने केली असेल तर फॉर्मवर खूण 'घरगुती हिंसा' यापुढे हवी. हे न समजावता पाठवलं की "आमचा गुन्हा यादीत नाही" म्हणून कागद परत येतो. सोबतच्या पत्रात एक वाक्य ठळक लिहा: ही सही म्हणजे व्हिसा नव्हे, व्हिसाचा निर्णय यूएससीआयएस हे केंद्राचं इमिग्रेशन खातं घेतं. आपण कुणाला तरी नागरिकत्व वाटतोय, असं बऱ्याच अधिकाऱ्यांना वाटत असतं.

"केस बंद झाली, आता काही होत नाही," असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आरोपी पकडला जायलाच हवा, खटला उभा राहायलाच हवा, शिक्षा व्हायलाच हवी, असं कायदा कुठेच म्हणत नाही. गुन्हा जुना असला तरी सही मागता येते.

नडतं ते वेगळंच. तक्रारीनंतर आठवड्याभरात सासरहून फोन सुरू होतात. आधी रडणं, मग "घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस", मग तिच्या आईवडिलांवर दबाव. आणि बाई पोलिसांना लिहून देते की मला पुढे काही करायचं नाही. तो कागद फाईलमध्ये कायम राहतो. सहकार्याची जबाबदारी सहीनंतरही संपत नाही. कारण नसताना मदत नाकारली, तर यंत्रणा प्रमाणपत्र मागे घेऊ शकते. भीतीमुळे बोलता येत नसेल तर तेच तपास अधिकाऱ्याला सांगा. माघार घेते असं मात्र लिहून देऊ नका.

कॅलिफोर्नियात अशा विनंतीवर ३० दिवसांत कारवाई करण्याचं बंधन आहे, आणि हद्दपारीची केस चालू असेल तर ७ दिवसांत. सगळ्या राज्यांत असा कायदा नाही. नकार आला तर केंद्राकडे अपील नसतं, पण दुसरं दार असतं: सरकारी वकिलाचं कार्यालय, न्यायाधीश, बालसंरक्षण विभाग, कामगार विभाग. ज्या यंत्रणेने त्या गुन्ह्याचा तपास केला किंवा खटला चालवला, ती सही करू शकते.

आणि माझी स्वतःची चूक. अर्ज दाखल होताना सही सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. पहिल्याच फाईलच्या वेळी सही हातात आल्याच्या आनंदात मी निवांत झाले. जबाब, भाषांतरं, दाखले गोळा करण्यात सातवा महिना उजाडला. दरम्यान सही करणारा अधिकारी बदलला होता, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हापासून बाकीची फाईल तयार झाल्याशिवाय मी सप्लिमेंट बी मागत नाही.

बाकीचे कागद

स्वतःचं निवेदन मराठीत लिहा, भाषांतर नंतर. झोप उडणं, डॉक्टरकडे जाणं, मुलांचं बिथरणं, हे सगळं त्यात येऊ द्या. व्हिसाची मुदत उलटली असेल किंवा तशी दुसरी अडचण असेल तर माफीसाठी आय-१९२. मुलांसाठी सप्लिमेंट ए. आय-९१८ ला फी नाही. "नवऱ्याला कळेल का?" हा प्रश्न हमखास येतो. अर्जातली माहिती त्याला देण्याची सरकारी खात्यांना कायद्याने मनाई आहे, पण पत्ता मात्र वकिलाचा द्या.

वाट पाहणं

वर्षाला १०,००० व्हिसे, कुटुंबीय त्यात धरत नाहीत. रांग अनेक वर्षांची. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच चार वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. नुसता अर्ज टाकला म्हणजे हद्दपारीपासून संरक्षण मिळालं, असं समजू नका. हिंसा सोसलेल्या एच-४ बायकांना वर्क परमिटसाठी आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्मही आहे, तो वकिलाला आवर्जून विचारा.

व्हिसा चार वर्षांचा, आणि तीन वर्षं सलग राहिल्यावर ग्रीनकार्डचा अर्ज. या तीन वर्षांत एका वेळी ९० दिवसांपेक्षा किंवा एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात, तर सलगता तुटते. अर्ज प्रलंबित असताना तर भारतात जाऊच नका. भाचीचं लग्न व्हिडिओवर बघा.