चोवीस किलोंची चिऊ आणि थीम पार्क

आमची चिऊ ९ वर्षांची, २४ किलोंची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. पाय कडक आहेत, पाठीला टेका मिळाला की छान बसते, उभं राहायला मात्र दोन्ही बाजूंनी धरावं लागतं. खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं हा हट्ट तिने वर्षभर धरला होता. शेवटी आम्ही पुण्याहून जाऊन आलो. घरी असं लेकरू असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी उचलण्याचा हिशेब करा. मी वहीत लिहून काढला: घरातून गाडीत, एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला गाडीतून खुर्चीत, मग कमोडवर, परत खुर्चीत, परत गाडीत, पार्कात पोचल्यावर पुन्हा खुर्चीत. दिवसभरात शू-शीच्या दोन खेपा, म्हणजे आणखी ४. परतीचे २. एकही राइड न करता १२ वेळा झालं! प्रत्येक राइडला चढताना एकदा, उतरताना एकदा. सहा राइड केल्या तर दिवसभरात एकूण २४ वेळा उचलणं. आम्ही तीनच ठरवल्या आणि चिऊच्या मामाला सोबत घेतलं. दोन दणकट माणसं नसतील तर जाऊ नका, पुढच्या महिन्यात जा.

उचलायचा सराव घरच्या सोफ्यावर आठवडाभर करा. खुर्चीचे ब्रेक लावा, पायठेवणी बाजूला घ्या. एकाने मागून काखेतून हात घालून मुलाचे हात छातीशी धरायचे, दुसऱ्याने मांड्यांखाली हात द्यायचे. आकडे मुलानेच मोजायचे. चिऊ "तीन" म्हणते तेव्हाच आम्ही उचलतो. अचानक उचललं की तिचे पाय कात्रीसारखे आवळतात आणि मग सीटमध्ये बसवणं अशक्य होतं.

पार्काला फोन करताना "व्हीलचेअर चालते का?" एवढंच विचारू नका. "हो" म्हणतात, आणि ते "हो" फाटकापुरतंच असतं. राइडच्या सीटपर्यंत खुर्ची नेता येईल का, उचलायचं कोणी, शेजारी मोठं माणूस बसू शकतं का, पट्टा मांडीवरून येतो की खांद्यावरून, हे एकेका राइडचं नाव घेऊन विचारा. काही राइडना नकार मिळेल. राग येतो, मलाही आला. पण राइड मध्येच बंद पडली तर माणसांना अरुंद जिन्याने पायी उतरवावं लागतं, हे कारण कळल्यावर मीच काही नावं खोडली.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांना निघण्याआधी भेटा. या मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकत जाऊ शकतो, वरून दिसत नाही. खुब्याचा एक्स-रे दाखवून झटक्यांच्या राइडबद्दल स्पष्ट विचारा. नायट्रोसारखा रोलर कोस्टर आम्ही चर्चेलाही घेतला नाही. फिट्स येत असतील तर लखलखणाऱ्या दिव्यांबद्दलही विचारा. अंधारात मोठा आवाज झाला की चिऊचं सगळं अंग दचकून ताठ होतं, म्हणून अंधाऱ्या राइडही वगळल्या. मेरी-गो-राउंडवर मात्र तिला गाणं संपूच नये असं वाटत होतं. घोड्यावर तोल सांभाळत नसेल तर बसायला रथ किंवा बाक आहे का ते बघा, बाबांना बिलगून बसता येतं.

स्वतःचीच खुर्ची न्या. पार्काची खुर्ची मोठ्या माणसांच्या मापाची असते, मूल एका बाजूला कलंडतं. तीच घ्यावी लागली तर दोन्ही कुशींना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा आणि कमरेचा पट्टा घरून न्या. पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळीवर पुढची छोटी चाकं अडकतात. तिथे खुर्ची वळवून मागे ओढत न्या. उतारावरही उलटीच उतरवा.

स्वच्छतागृह हा सगळ्यात दुखरा भाग. एका पार्कात (इमॅजिका नव्हे) अपंगांच्या टॉयलेटमध्ये बादल्या आणि झाडू भरून ठेवले होते आणि मी चिऊला बाहेर फरशीवर चादर टाकून बदललं. ९ वर्षांची मुलगी, तिला सगळं कळतं. ती तेव्हा रडली नाही, पण त्या दिवशी पुढे काही बोललीही नाही. तेव्हापासून घडीची जाड चटई आणि आडोशाला दोन साड्या घेतल्याशिवाय मी निघत नाही, आणि पार्कात शिरल्यावर सगळ्यात आधी टॉयलेट उघडून बघते. कुलूप किंवा सामान असेल तर लगेच, शांतपणे, तिथल्या प्रमुखाला बोलावून रिकामं करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पर्समध्ये ठेवा.

स्नायूंचा कडकपणा कमी करणारी औषधं नेहमीच्या वेळेलाच द्या, मोबाइलवर गजर लावा. दुपारी तासभर सावलीत खुर्ची मागे कलती करून पडू द्या. स्प्लिंट (पाय सरळ धरून ठेवणारे आधार) काढा, सुती मोजे बदला. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल वळ तसाच राहिला तर त्या दिवशी पुन्हा घालू नका. पावसाळा टाळा. खोपोलीकडे पाऊस धो धो कोसळतो, आणि भिजून गारठलं की पाय आणखी आखडतात. शाळा चालू असतानाचा मधला वार बघा.

घरी आल्यावर कोमट पाण्याने आंघोळ, हलकं स्ट्रेचिंग. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, फिजिओही नाही. चिऊ साडेदहापर्यंत झोपली होती.