गावी इलेक्ट्रिक गाडी नेताय? आधी अर्थिंगचं विचारा

गणपतीला नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन कोकणात निघालेल्यांसाठी लिहितेय. आमची गाडी मार्चमध्ये आली आणि मे महिन्यात मी ती हौसेनं पुण्याहून गुहागरजवळच्या आमच्या गावी नेली. तिथं जे झालं ते तुमचं होऊ नये.

आठवडाभर आधी गावी फोन लावा आणि अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवणारी तिसरी वायर, आहे का विचारा. "पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का?" एवढं विचारून फोन ठेवू नका. मी नेमकं तेच केलं होतं. काका म्हणाले, "आहे म्हणजे काय, पंपाचा आहे की!" मी खूश. रात्री खळ्यात गाडी लावली, चार्जर जोडला, लाल दिवा. दुसरा पॉइंट, लाल. स्वयंपाकघरातला, लाल. सकाळी वायरमन आला आणि त्यानं बोर्ड उघडला, तर तिसरी हिरवी वायर आत दुमडून ठेवलेली, कशालाच न जोडलेली. पंपाला काही फरक पडत नव्हता, तो वर्षानुवर्षं मजेत चालत होता. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घेतच नाही. पुण्यात पार्किंगमध्ये बसवायला आलेल्या माणसानं हे सगळं बघून दिलं होतं. त्यामुळे दोन महिने मी फोन चार्जिंगला लावावा तशी गाडी लावत होते आणि अर्थिंग नावाची भानगड असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

तर वायरमनला आठवडाभर आधी घरी पाठवा. वीज आणणारी वायर ती फेज, परत नेणारी ती न्यूट्रल. फेज आणि अर्थच्या मध्ये दिवा लावला की तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला पाहिजे. मीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंग तसं नसेल तर नवा खड्डा, पाइप, कोळसा, मीठ आणि पाणी. आमचं काम नंतर अडीच हजारांत झालं, पण एक अख्खा दिवस गेला, कारण खाली जांभा. मे महिन्यात तो कातळ असा सुकतो की जुनं अर्थिंग असलं तरी कामाचं राहत नाही. गणपतीत जमीन ओली असते म्हणून निभावून जाईल, पण त्या भरवशावर राहू नका.

आणि "ताई, न्यूट्रलमधून लूप मारतो, दोन मिनिटांचं काम" असं कुणी म्हटलं, म्हणजे न्यूट्रलची वायरच अर्थच्या पिनला जोडायला निघालं, तर हात जोडून नाही म्हणा. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, सगळे टाळ्या वाजवतात. मग एखाद्या पावसाळी रात्री मागे कुठे न्यूट्रल तुटली की गाडीच्या अख्ख्या पत्र्यात करंट. ओल्या खळ्यात अनवाणी पोरं खेळत असतात. आमच्या वायरमनला मी नाही म्हटलं तेव्हा घरातलेच वैतागले होते, "बाकीचे करतात की." करू देत.

पॉइंटबद्दल आणखी एक. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर १३-१४ अँपिअर ओढते. घरातल्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला ती लावलीत तर सकाळी प्लॅस्टिकचा गोळा मिळेल. जाड, तीन तारांची वायर आणि दणकट सॉकेट घ्या, आणि सॉकेट पडवीत, छपराखाली असू द्या. पहिला तासभर मधूनमधून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. चाळीस युनिटची बॅटरी अर्धी भरायलाही अशा पॉइंटवर सहा-सात तास लागतात. रात्री सगळ्या वाडीत आरास आणि पंखे सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि चार्जर मधेच थांबतो. करंट कमी करायची सोय असेल तर दहा अँपिअरवर ठेवा. लाइट जाणार हेही धरूनच चाला.

आदल्या दिवशी शंभर टक्के चार्ज, हवा, फास्टॅग. घरची केबल भिंतीवरच राहते, ती आधी डिकीत टाका. चार्जिंगची दोन-तीन अ‍ॅप घरच्या वायफायवरच उतरवून घ्या आणि त्यांच्या वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा. कोयनेच्या बाजूला रेंज गेली की ओटीपी ढगात. आमच्या गाडीला स्टेपनी नाही हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं! तुमची डिकी आज उघडून बघा आणि नसेल तर पंक्चरचं किट घ्या. इलेक्ट्रिक गाड्यांच्या टोलमाफीचंही ऐकलं असेल. २०२५ च्या ऑगस्टपासून ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर लागू झाली. साताऱ्याच्या वाटेवरच्या खेड-शिवापूर आणि आणेवाडीच्या नाक्यांवर इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरप्लेट दाखवून हुज्जत घालू नका, मागचे हॉर्न वाजवतात.

आता रस्ता. साताऱ्यावरून उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. कंपनीनं छापलेला आकडा विसरा. माझी गाडी शहरात युनिटला आठ किलोमीटर देते, हायवेला शंभरनं हाकली की सहा. ऐंशीनं गेलात तर फरक लगेच दिसतो, पण खंबाटकीच्या आधी कुणाला ऐंशीनं जावंसं वाटतं? उंब्रज सोडण्याआधी गाडी फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत न्या. त्यापुढे चार्जर इतका मंदावतो की बसण्यात अर्थ नाही, ऐंशी होईपर्यंत मिसळ खाऊन होते. मी मात्र सत्तरवरच काढली, कारण मागे रांग होती, पोरं कंटाळली होती आणि "गावी रात्री लावूच की". गावी काय लागलं ते वर वाचलंतच. म्हणून पुन्हा सांगते, गावचं अर्थिंग तपासून झालंय अशी खात्री नसेल तर गावच्या चार्जिंगवर एक टक्कासुद्धा हिशेब मांडू नका.

कुंभार्ली उतरताना मात्र मजा येते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपसूक मंदावते आणि बॅटरी भरते. घाटाखालच्या पोफळीला पोचेपर्यंत माझे दोन टक्के वाढले होते. आवाज नसल्यानं काचा खाली केल्या की ओढ्यांचं पाणी ऐकू येतं. पण येताना हाच घाट चढायला सपाट रस्त्यापेक्षा तीनेक युनिटं जास्त लागतात, तेव्हा त्या दोन टक्क्यांनी हुरळू नका. महाबळेश्वरला मुक्काम करणाऱ्यांनी शंभर टक्के भरून पसरणी घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पोचल्यावर कितीही दमला असाल, आधी चार्जर लावून हिरवा दिवा बघा. मग चहा. दिवा लाल आलाच तर उजेड आहे तोवर वायरमनला बोलवा. मी रात्री अकराला बघितलं होतं. शेवटी चोवीस टक्क्यांवर एसी बंद करून भर मे महिन्यात चिपळूण गाठलं. मागे आंब्याच्या चार पेट्या, पोचले तेव्हा सात टक्के. दीड तास चार्जरवर घामाघूम बसले. गाडीला पंधरा दिवस हापूसचा वास होता.

भेटायला येणारा प्रत्येक जण "किती देते?" विचारणार. एक आकडा ठरवून ठेवा.

परतीचं थोडक्यात. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज, चिपळूणला गरज वाटली तर थांबा, घाटाआधी निदान साठ टक्के. बंद पडली तर दोरानं ओढू नका, चारही चाकं वर घेणारी गाडी मागवा. केबल पुसून आत टाका.

आणि निघताना काकांना सांगून ठेवा, तुम्ही परत मे महिन्यात याल त्याच्या आदल्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी.