गावच्या हिवतापाचा आणि डास फवारणीचा इतिहास कसा जुळवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गावाचा हा इतिहास लिहायचा तर सुरुवात डासांपासून करू नका, हद्दीपासून करा. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. त्याआधी १९४८ पर्यंत या मुलखात मधूनमधून सांगली, कुरुंदवाड, रामदुर्ग अशा संस्थानांची गावं होती. बेळगाव शहरात कॅन्टोन्मेंटचा, म्हणजे लष्करी छावणीचा, कारभार वेगळा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर गाव कोणत्या वर्षी कोणाकडे होतं एवढंच लिहा. हे न करता थेट आरोग्य केंद्र गाठलं, तर तिथे कधी नव्हतेच असे कागद शोधण्यात महिने जातात.

१९५६ नंतरचे कागद बहुतेक कानडीत भेटतात. कानडी वाचणारं माणूस सोबत घ्या आणि निदान 'सोळ्ळे' म्हणजे डास, 'चळिज्वर' म्हणजे थंडीताप एवढं तरी ओळखायला शिका. माहिती अधिकाराचा अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत द्या. शुल्क १० रुपये. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत बसवायचा असतो. "मलेरियाची सगळी माहिती द्यावी" असं लिहून हाती काही लागत नाही. अमुक उपकेंद्र, अमुक ते अमुक वर्षं, फवारणीची नोंदवही, असं नेमकं मागा. रक्तनमुन्यांच्या नोंदवहीसाठी दुसरा अर्ज करा.

सर्वांत जुन्या काळासाठी १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, पाहा. त्यात 'ताप' भेटेल, डास भेटणार नाही. डासातून हिवताप पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत १८९७ साली सापडला. त्यामुळे जुन्या मृत्यूनोंदींतला प्रत्येक ताप हिवताप धरू नका. विषमज्वर (टायफॉइड) त्यातच आहे, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे बळीसुद्धा. ही चूक फार होते आणि तिच्यामुळे पुढचे सगळे आकडे फुगतात.

फवारणीचा काळ लिहिताना १९५३ पासून सुरुवात करण्याची सवय आहे, कारण राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम त्या साली सुरू झाला. आपल्या भागात मात्र त्याच्या मागे जावं लागतं. मुंबई प्रांताच्या मलेरिया खात्याने डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली १९४६ च्या सुमाराला कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतून डीडीटी मारायला घेतली होती. खानापूरच्या खाली लागून असलेलाच तो मुलूख. म्हणून खानापूर तालुक्यातली गावं असतील तर १९५३ पूर्वीच्या फवारणीबद्दल जरूर विचारा, पण कागद सापडल्याशिवाय ती झाली असं लिहू नका. १९५८ ला 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आलं, १९७१ ला शहरांसाठी वेगळी योजना निघाली, १९७७ ला धोरण पुन्हा बदललं.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, ते चुकतं. लग्न, बाळंतपण, विहीर खणली ते वर्ष, यांच्या आधी की नंतर, असं विचारा. "मलेरियावाले आले तेव्हा ढेकूण मेले का?" हा प्रश्न हमखास विचारा. सुरुवातीच्या फवाऱ्यांनी ढेकूण मरत, पुढे ते दाद देईनासे झाले आणि लोकांनी दारं लावून घेतली. देवघर आणि स्वयंपाकघर फवारू दिलं का, हेही विचारा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फवारणीनंतर किती दिवसांनी भिंती सारवल्या किंवा चुना दिला. डीडीटीचं काम भिंतीवरच्या थरावर चालतं. डास येऊन त्यावर बसला पाहिजे. दिवाळीच्या सारवणाखाली तो थर गेला की कागदावर फेरी पूर्ण आणि घरात डास जिवंत. जुन्या घरांची दारं, चौकटी, ओसरीच्या भिंती पाहून घ्या. फवारणारे तारीख, फेरी आणि किती खोल्या झाल्या ते तिथे लिहून जात. चुन्याखाली अक्षर दिसलं तर खरवडू नका, बाजूने बॅटरीचा तिरका उजेड टाकून फोटो घ्या.

आता कागद खरा की नुसता भरलेला, याची परीक्षा. डीडीटीची ५० टक्क्यांची पावडर १ किलो, १० लिटर पाण्यात. तेवढ्यात ५०० चौरस मीटर भिंत होते, म्हणजे चौरस मीटरला १ ग्रॅम. कार्यक्रमाचा अंदाज दहा लाख वस्तीला दोन फेऱ्यांसाठी १५० टन असा होता. म्हणून हजार वस्तीच्या गावाला एका फेरीत साधारण ७५ किलो लागते. नोंदीत २० किलो असेल आणि समोर "सर्व घरे" लिहिलं असेल, तर दोन्हींतलं एक खोटं आहे. पावडर ७५ टक्क्यांची होती का तेवढं आधी पाहा, नाहीतर हिशेब चुकेल.

रक्तनमुन्यांचंही तसंच. वर्षाला लोकसंख्येच्या निदान १० टक्के काचपट्ट्या तपासल्या असतील तरच "रुग्ण नाही" याला अर्थ आहे. हजार वस्तीत १२ पट्ट्या आणि शून्य रुग्ण, यातून काही सिद्ध होत नाही. वर्षभरातले रुग्ण भागिले लोकसंख्या गुणिले हजार, हा आकडा प्रत्येक वर्षासमोर मांडा. १९७७ नंतर तो २ किंवा जास्त असेल तिथेच फवारणी, असा नियम आला. गावात फवारणीची गाडी येणं का थांबलं याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं.

शेवटी पाण्याचा नकाशा, आणि त्याला कागदांइतकाच वेळ द्या. जंगलातले संथ वाहणारे ओढे, विहिरी, भातखाचरं, घटप्रभा-मलप्रभेचे कालवे, घरावरच्या टाक्या, गटारं आणि बळ्ळारी नाल्यासारखं सांडपाणी, प्रत्येकाचा डास वेगळा. ओढ्यातला, कालव्यातला, टाकीतला ॲनोफिलीस हिवताप देतो. सांडपाण्यातला क्युलेक्स चावतो खूप, पण हिवताप देत नाही. डेंगीचा एडिस घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. आजचं पाणी पांढऱ्या भांड्यात काढून पाहा. अळी पाण्याला समांतर आडवी पडली असेल तर ॲनोफिलीस, डोकं खाली करून लोंबत असेल तर बाकीचे. विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे कोणी, केव्हा सोडले ते तिथेच लिहा आणि बुजलेल्या विहिरीही नकाशावर तुटक रेघेने दाखवा.