पॅरामेडिक व्हायचंय? फी भरण्याआधी आणि भरल्यानंतर या चुका टाळा

पॅरामेडिक म्हणजे अँब्युलन्सवर किंवा हॉस्पिटलात रुग्णाला तातडीची मदत देणारा प्रशिक्षित माणूस. बारावीचा निकाल लागला की 'सहा महिन्यांत पॅरामेडिक, नोकरीची हमी' अशा थाटाचे बोर्ड दिसायला लागतात. कोल्हापूर शहरातली पोरं निदान चार ठिकाणी चौकशी करतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून आलेला पालक मात्र पहिल्याच ऑफिसात पैसे मोजून मोकळा होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक तीच.

2021 च्या केंद्रीय कायद्यानं या क्षेत्राची चौकट घालून दिली आहे. सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला डिप्लोमा किंवा पदवी लागते, आणि ते शिक्षण किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं असावं लागतं. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी पदवी आणि किमान 3600 तास. आता सहा महिन्यांच्या कोर्सचे तास तुम्हीच मोजा. छोटे कोर्स अगदीच टाकाऊ असतात असं नाही. कौशल्य परिषदेचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा बेसिक कोर्स पाया म्हणून ठीक आहे. पण तो पदवीच्या भावात घेऊ नका. घरबसल्या, दूरशिक्षणातून हे शिकवतो असं कुणी म्हणालं तर तिथूनच माघारी फिरा. आरोग्यातले हे अभ्यासक्रम तसे चालवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, परवानगी नाही.

दुसरी गफलत शाखेची. 'पॅरामेडिकल कॉलेज' या पाटीखाली लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर असं सगळंच येतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी म्हणजे तीन वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. पण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक शाखा नसते. अँब्युलन्सवर जायचं स्वप्न आणि हातात लॅबचा डिप्लोमा, अशी मुलं दरवर्षी भेटतात. काउंटरवर तीन गोष्टी लेखी मागा: प्रमाणपत्र कोण देणार, महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे त्यावर नोंदणी होते का, आणि पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, कुठल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात). तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नाही. पोस्टिंगच्या प्रश्नावर समोरचा चाचपडला की काय ते समजून घ्या.

नोकरीचं गणितही आधीच मांडा, कारण इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. महाराष्ट्रात 108 ही तातडीची अँब्युलन्स सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि ती उभी राहिली डॉक्टरांवर. गाडीत बीएएमएस, बीएचएमएस झालेला डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक. कागल ओलांडून निपाणीकडे गेलात की चित्र वेगळं. कर्नाटकच्या 108 मध्ये इएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, असतो. त्यामुळं 'कोर्स झाला की 108 त लागतो' हे गृहीत धरू नका. खाजगी हॉस्पिटलच्या कार्डिअॅक अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, एमआयडीसीतल्या कारखान्यांची प्रथमोपचार केंद्रं, मोठ्या कार्यक्रमांचा बंदोबस्त, इथं विचारपूस करा. तीही प्रवेशाआधी, दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन. आखाती देशांचा विचार असेल तर पदवी, नोंदणी आणि अनुभवाचे दाखले लागतात; नुसता पासपोर्ट काढून भागत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जात पडताळणी निकालानंतर सुरू करू नका, तिला वेळ लागतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, ती तपासा. दहावीच्या मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे.

आता प्रशिक्षणातल्या चुका. तालमीत घाम गाळलेली पोरं हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबायला सगळ्यात उत्साही, आणि बऱ्याचदा सगळ्यात चुकणारी. ताकद भरपूर, म्हणून जोर इतका की प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊच देत नाहीत. वर आली नाही तर हृदयात रक्त भरणार कसं? प्रौढ माणसासाठी खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, कोपर ताठ, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. 'मी दमलो नाही' हा अभिमान इथं रुग्णाच्या जिवावर बेततो.

ऑक्सिजनचं तर बोलायलाच नको. सिलिंडर 'आहे' एवढंच बघतात, किती आहे ते नाही. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर असतो. मिनिटाला 10 लिटर सोडला तर अडीच तास. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. गगनबावड्याहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात, किंवा गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलात तर सव्वा तास पुरेल का, हा हिशेब गाडी हलण्याआधी करायचा. काटा बघा, प्रवाहानं भागा, आणि सिलिंडरची चावी जागेवर आहे का तेही बघा. चावी हरवल्यामुळं भरलेला सिलिंडर निरुपयोगी झाल्याचे प्रसंग घडतात.

सर्पदंशाच्या रुग्णाचा हात किंवा पाय नातेवाइकांनी दोरीनं करकचून आवळलेला असतो. नवशिका 'हे चुकीचं' म्हणून दोरी झटक्यात सोडतो. आवळणं चुकीचंच, पण घट्ट बांधलेली दोरी एकदम सोडली तर साठलेलं विष एका झोतात शरीरात पसरू शकतं. अवयव हलू न देता रुग्णाला आणा आणि प्रतिविष तयार असताना डॉक्टरांसमोर सोडू द्या. मण्यारीच्या दंशाची खूण कधी कधी दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखी आणि पापण्या जड झाल्याची तक्रार करत असेल तर सापाची शंका मनात असू द्या.

मुलाखतीत 'मला समाजसेवा करायची आहे' हे वाक्य परीक्षकांनी इतकं ऐकलेलं असतं की पुढचं ते ऐकत नाहीत. हायवेवरच्या अपघाताचा प्रश्न आला की उमेदवार थेट रुग्णाकडं धावतो. आधी गाडी कुठं उभी केली, वाहतूक कशी अडवली, पेट्रोल सांडलंय का, हे सांगा. मग कोल्हापूरच्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रुग्ण कसा सोपवाल ते: मार कसा लागला, कुठं लागला, नाडी-श्वास-रक्तदाब किती, तुम्ही काय केलं. एवढंच, अर्ध्या मिनिटात. रात्रपाळी जमेल का विचारलं आणि जमणार नसेल तर तसं सांगा; नंतर महिन्याभरात नोकरी सोडण्यापेक्षा ते बरं.

आणि ज्यांनी आधीच छोट्या कोर्सची फी भरली आहे त्यांनी पावती, जाहिरातीचा फोटो आणि माहितीपत्रक जपून ठेवावं. लेखी अर्ज देऊन संलग्नतेचा तपशील मागावा. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाची वाट खुली आहे. दरम्यान पुढच्या वर्षीच्या बीपीएमटी प्रवेशाची सूचना चुकवू नका.