विम्याचा दावा नाकारला? आधी तारीख बघा

'आजार लपवला होता' असं सांगून आयुर्विम्याचा दावा नाकारला की घरचे खचतात. पत्र कपाटात टाकू नका.

१. नकार कारणासह लेखीच मागा.

२. पॉलिसीची तारीख बघा. ३ वर्षं उलटली असतील तर विमा कायद्याचं कलम ४५ तुमच्या बाजूनं आहे; मग फसवणुकीच्या आरोपावरूनही कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. हाच मुद्दा कंपनीला लेखी कळवा.

३. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, मुदत १ वर्ष. नाहीतर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी चालतं.

बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली असेल, तर ३ वर्षं त्या तारखेपासून मोजतात.