बेघरांसाठी काम करताय? नागपुरातल्या पॅरिश आणि कॉलेज गटांनो, या चुका टाळा

डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सीताबर्डी, स्टेशनचा परिसर आणि मेडिकल चौकात एकेका माणसाजवळ दोन-दोन, तीन-तीन ब्लँकेट दिसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्याच माणसाकडे पाण्याची बाटली घेऊन जाणारे कोणी नसते. नाताळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ, नोव्हेंबरातला गरिबांचा जागतिक दिन (पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला, पहिला १९ नोव्हेंबर २०१७ रोजी पाळला गेला) हे आपले कॅलेंडर झाले. फुटपाथवर झोपणाऱ्याचे कॅलेंडर ऊन, पाऊस, थंडी आणि पोलिसांच्या फेऱ्या यांवर चालते. पुढच्या बहुतेक चुका या दोन कॅलेंडरांच्या फरकातून होतात.

सणापुरते जाणे

कॉलेजचा गट जुलैत उत्साहाने सुरू होतो, परीक्षा आल्या की आटतो आणि एप्रिल-मेमध्ये होस्टेल रिकामे झाले की बंदच पडतो. पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळींचा, गट नाताळात जोरात असतो आणि जानेवारीत थकतो. दोघेही बंद असतात तो काळ नेमका उन्हाचा आणि पहिल्या पावसाचा. यावर उपाय एका बैठकीत निघतो. वर्षाचे ५२ आठवडे कागदावर मांडा, परीक्षेचे आणि सुट्टीचे आठवडे पॅरिशने घ्यावेत, नाताळ आणि ईस्टरआधीचा पवित्र आठवडा कॉलेजने घ्यावा. एकही आठवडा रिकामा राहत असेल तर पट्टा लहान करा. स्टेशन ते इतवारी असा मोठा पट्टा धरून महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा दोन चौकांतल्या वीस माणसांकडे दर गुरुवारी रात्री साडेनऊला जाणे कितीतरी उपयोगाचे. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर माणसे वाट पाहू लागतात, आणि खोकला, जखम, हरवलेला कागद या गोष्टी तेव्हाच सांगतात. पहिल्या दिवशी कोणीच काही सांगत नाही.

ही पद्धत नवी नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी केली, तेव्हा त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा होता. दोघादोघांनी जायचे, त्याच कुटुंबाकडे पुन्हा पुन्हा जायचे, हीच त्यांची रीत. आज पंधरा जणांचा घोळका एकसारखे टी-शर्ट घालून एका म्हाताऱ्याभोवती उभा राहतो, तेव्हा ती रीत मोडलेली असते. एका माणसाशी दोघांनी बोलावे. बाकीच्यांनी दहा पावले मागे थांबावे.

सुरू करण्याआधी तीन आठवडे काहीही न वाटता फक्त पाहा. मंगळवारी टेकडी गणपतीजवळ, शनिवारी मारुतीच्या देवळांपाशी, ताजबागच्या दर्ग्यात लंगरच्या वेळी जेवण आधीच मिळते. तिथेच आणखी शंभर पाकिटे नेली की अर्धी रस्त्यावर पडतात. कोणत्या वारी कोणत्या चौकात काहीच येत नाही ते शोधा. मोजणी रात्री दहानंतर करा. संध्याकाळी सातला दिसणाऱ्या गर्दीतले बरेच जण घरी जाणारे असतात.

जेवण: सर्वांत जास्त चुका इथेच

रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) हॉलमागे खिचडी चढते, बाराला पाकिटे भरली जातात आणि वाटप संध्याकाळी सातला होते. घातक चूक हीच. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवून मरत नाहीत. अन्न कोमट राहिले की जिवाणू वाढतो, विष तयार करतो, आणि त्यातले एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. घरातल्या माणसाला उलट्या झाल्या तर तो झोपून राहतो. फुटपाथवरच्या माणसाला त्या अवस्थेत पाणी आणि शौचालय शोधत फिरावे लागते.

नियम साधा ठेवा: गॅस बंद केल्यापासून हातात पडेपर्यंत दोन तास, त्याहून जास्त नाही. अन्न ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर झाकण उघडल्यावर जोरात वाफ उठते का ते पाहा. नसेल उठत तर ते वाटू नका. मोठ्या गंजातली (पातेल्यातली) खिचडी मध्यभागी तासन्तास कोमट राहते, म्हणून ती कडकडीत गरम असतानाच जाड, घट्ट झाकणाच्या डब्यांत काढून न्यायची. उरलेली सकाळसाठी ठेवायची नाही. लग्नातले पनीर, क्रीम, मेयॉनीज घातलेले काही मिळाले तर प्रेमाने नाही म्हणा.

चाळीस माणसांचा हिशेब असा: तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, पाणी १८ लिटरच्या आसपास, तेल ४०० मिली, मीठ १५० ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवायचे, हळद, जिरे, आले, बस. प्रत्येकाला अर्धा किलोच्या आसपास सैल खिचडी येते. बटाटा आणि ओले खोबरे घालू नका, दोन्ही लवकर नासतात. तिखट बेताचे ठेवा. सावजी झणझणीतपणा आपल्याला आवडतो, पण दिवसभर उपाशी असलेल्या पोटात तो आग लावतो, आणि दात नसलेल्या आजीला तर्रीत बुडवलेली पोळीही चावत नाही.

प्लास्टिकच्या पन्नीत गरम खिचडी भरणे हा दुसरा जुना घोळ. पन्नी वितळत नाही म्हणून ती सुरक्षित आहे असे समजू नका. शिवाय ती खाणार कशी, हे एकदा जवळून पाहा. गाठ सुटत नाही, माणूस दातांनी कोपरा फाडतो, अर्धी खिचडी मांडीवर पडते, उरलेली तो न धुतलेल्या हाताने काढतो आणि कुत्री जवळ येतात. द्रोण किंवा झाकणाचा कागदी डबा, लाकडी चमचा आणि नळ बसवलेला वीस लिटरचा पाण्याचा कॅन, त्याला दोरीने बांधलेला साबण, एवढे सोबत असले की तोच माणूस बसून सावकाश जेवतो. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या टिकाऊ निवडा, त्या पुन्हा भरता येतात.

कोणी चार-पाच दिवस काहीच खाल्लेले नसेल तर त्याला भरपेट वाढू नका. खूप उपाशी शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले क्षार कोसळून जीवावर बेतू शकते. थोडे द्या, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा किंवा मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जवळच्या ठिकाणी न्या. उन्हाळ्यात ओआरएसचे अख्खे पाकीट एका ग्लासात ढवळणारे खूप दिसतात. ते एक लिटर पाण्यासाठी असते. घट्ट द्रावणाने अपाय होतो. अंग तापलेले आणि माणूस बरळत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ बोलवा.

ब्लँकेट सकाळी नाहीसे का होते?

"विकून दारू प्यायला" हे उत्तर सोपे आहे आणि बऱ्याचदा चुकीचे. फुटपाथवर सामान ठेवायला जागा नसते. तीन किलोचे गुबगुबीत ब्लँकेट दिवसभर खांद्यावर वाहून मजुरी मिळत नाही, पावसात ते भिजले की चार दिवस वाळत नाही, रात्री चोरीला जाते, सकाळी सफाईच्या गाडीत जाते. दीड किलोच्या आतले, करड्या किंवा तपकिरी रंगाचे, गुंडाळून पिशवीत मावेल असे द्या. सोबत तोंड बांधता येणारी गोणी किंवा कापडी पिशवी द्या. आणि वरच्यापेक्षा खालचे महत्त्वाचे: सिमेंट अंगातली ऊब ओढून घेते, त्यामुळे दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा एक सतरंजी, फोमची शीट किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन थर अधिक कामाचे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री नाताळानंतरही येतात, म्हणून सगळा साठा २४ तारखेला संपवू नका.

झोपलेल्याच्या तोंडावर टॉर्च मारू नका, अंगाला हात लावू नका. त्याला रात्री हलवून जागे करणारे बहुधा चोर किंवा पोलीस असतात. पायाच्या बाजूला, दोन हात लांब उभे राहून "काकाजी" किंवा "मावशी" अशी हाक द्या. जागे नाही झाले तर शेजारी ठेवून निघा.

कपडे गोळा करताना पॅरिशमध्ये साड्या आणि मुलांचे फ्रॉक यांचे ढीग येतात. लागतात त्या गोष्टी वेगळ्या: नाडीच्या पँट, नव्या चड्ड्या, परकर, सॅनिटरी पॅड, सात ते नऊ नंबरच्या चपला. सूचनाफलकावर हीच यादी लावा.

आजार, दारू, आणि घाईतली माया

दारू पिणाऱ्याला पवित्र क्रूसासमोर "आजपासून सोडली" अशी शपथ घ्यायला लावणे मनापासून होते, पण धोकादायक असते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, जीवही जातो. सोडायची असेल तर त्याच्याबरोबर रुग्णालयात जा. हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, तर थांबू नका.

स्वतःशी बोलणारा, कपड्यांचे भान नसलेला माणूस दिसला की चार मुले त्याला रिक्षात घालून कुठेतरी पोचवतात. तसे करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याचे काम आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते, आणि बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने पुढची वाट जवळ आहे. ठाण्यात जाताना कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, शांतपणे बोला, डायरीत नोंद झाली का ते विचारा.

गोळ्या वाटू नका, डॉक्टर सोबत असल्याशिवाय. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पत्ता सांगून निघू नका, सकाळी सोबत जा.

एकटे मूल दिसले तर खाऊ देऊन, फोटो काढून पुढे जाऊ नका. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा. कायद्याने त्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. आपल्या संस्थेत "तात्पुरते" ठेवून घेणे, मग ती कितीही चांगली असो, नियमबाह्य आहे. मुलांचे फोटो तर नकोतच, आणि मोठ्यांचेही पाठमोरेसुद्धा नकोत. देणगीदारांना खिचडीच्या गंजाचा फोटो पाठवा.

प्रार्थना

जेवण देण्याआधी प्रार्थना म्हणायला लावणे, पाकिटात पत्रक घालणे, क्रूस वाटणे हे बंद करा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या परिपत्रात हे स्पष्टच लिहिले आहे: चर्चच्या नावाने सेवा करणारे आपला विश्वास दुसऱ्यावर लादणार नाहीत. भुकेल्याचे 'हो' हे खरे 'हो' नसते. कोणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणाले तर तिथेच, हळू आवाजात करा. यामुळे शंका घेणारे शेजारी आणि पोलीस यांच्याशीही बोलणे सोपे जाते.

निवारा आणि कागद

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचे होते, म्हणजे किती हवेत ते मोजता येते. ते पुरे पडावेत म्हणून महापालिकेकडे लेखी मागणी करणे हाही सेवेचाच भाग आहे. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बजावले होते की जे न्यायाने देणे लागते ते दान म्हणून देऊ नये.

मात्र माणसाला निवाऱ्यात घालून मोकळे होऊ नका. आधी विचारा: गेट किती वाजता बंद होते? सामान ठेवता येते का? नवरा-बायको एकत्र राहू शकतात का? कॉटन मार्केटला पहाटे चारला हमालीला जाणारा सहाला उघडणाऱ्या गेटमागे राहू शकत नाही. तो आळशी किंवा हट्टी नाही, त्याची मजुरी बुडते.

कागदांत मतदार नोंदणीपासून सुरुवात करता येते. नमुना ६ हा अर्ज भरल्यावर बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) एकाहून जास्त रात्री येऊन तो माणूस त्या जागी झोपतो एवढे पाहिले तरी चालते. बेघराकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. बीएलओला रात्रीच्या फेरीत सोबत घेणे हे काम गटाने करावे. बेघर माणसाचे मूळ आधार कार्ड किंवा पासबुक "सांभाळायला" स्वतःकडे ठेवू नका. झेरॉक्स काढून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.

वही

कॉलेजची तुकडी तीन वर्षांत बदलते आणि सगळी माहिती कुणाच्या तरी फोनमध्ये निघून जाते. एक साधी वही पॅरिश कार्यालयात कुलपात ठेवा. रकाने थोडेच: तो स्वतः सांगतो ते नाव, हाक काय मारायची, झोपायची जागा, भाषा (छत्तीसगढी, गोंडी, हिंदी, तेलुगू, मराठी येतेच असे धरू नका), औषधे, मागच्या वेळी काय कबूल केले. आधार क्रमांक लिहू नका. लिहिण्याआधी त्याला विचारा.

एक रकाना बहुतेक जण विसरतात: काही झाले तर कोणाला कळवायचे, आणि अंत्यविधी कोणत्या रीतीने. रस्त्यावर मरण आले की मृतदेह 'अनोळखी' म्हणून शवागारात जातो, पोलीस नातेवाईक शोधतात, आणि वहीत "रायपूरकडचा, थोरला भाऊ गावी" एवढी ओळ असली तरी शोध सुरू करता येतो. तो हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान असेल तर त्याच्या समाजातल्या माणसांना बोलवा. आपल्या कबरस्तानात परस्पर नेऊ नका. २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सेत वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचणार असाल, तर वहीतून वाचा आणि त्याने सांगितले होते तसेच उच्चारा.