थंडी सरताना लिली आणि वृक्षनेचा: पाणी वेगळे, वेळ वेगळी

थंडी ओसरू लागली की लिलीचे कोंब मातीतून वर येतात आणि त्याच सुमारास वृक्षनेच्याच्या (ट्री फर्नच्या) शेंड्यात गुंडाळून बसलेली केसाळ पाने उलगडू लागतात. दोघांनाही भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खताने भरलेली, किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. त्यामुळे अनेक जण दोन्ही झाडे एकाच वाफ्यात लावून एकाच नळीने भिजवतात. मातीपुरते ते ठीक आहे, पण पाण्याच्या बाबतीत असे करू नये.

आधी लिलीचे पाहू. लिलीच्या कंदाला कांद्यासारखे कोरडे टरफल नसते. त्याचे मांसल खवले उघडेच असतात. त्यामुळे कंद हवेत पडून राहिला तर सुकतो आणि पाणी साचलेल्या जागी राहिला तर बुडापासून कुजतो. कंद आणले की शक्य तितक्या लवकर लावावेत. लगेच जमणार नसेल तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये थंड जागी ठेवावेत. लावण्यापूर्वी प्रत्येक कंद हातात घेऊन बुडाची चकती अंगठ्याने दाबून पाहा. चकती टणक हवी आणि तिला फुटलेली मुळे जिवंत असावीत. ती मुळे छाटू नका. चकती मऊ, तपकिरी झाली असेल आणि खवले सुटून हातात येत असतील तर कंदकूज लागली आहे असे समजून तो कंद बाजूला काढावा. तो चांगल्या कंदांच्या शेजारी लावू नये.

कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट, म्हणजे 15 ते 20 सें.मी. खोल लागवड करावी. बहुतेक संकरित लिलींना कंदाच्या वर, जमिनीखालच्या दांड्यालाही मुळे फुटतात. उंच दांडा आणि फुले पोसण्यात त्या मुळांचा मोठा वाटा असतो. कंद उथळ राहिला तर ही मुळे नीट वाढत नाहीत आणि ऐन फुलोऱ्यात दांडा लवंडतो. मॅडोना लिली मात्र वेगळी आहे. तिच्यावर 2 ते 5 सें.मी. माती पुरे आणि तिला चुनखडीची जमीनही चालते. ओरिएंटल गटातील लिलींसाठी मात्र सामू (पीएच) 5.5 ते 6.5 च्या दरम्यान ठेवलेला बरा.

उष्ण हवामानात पहिल्या वर्षी भरभरून फुललेली लिली दुसऱ्या वर्षी नुसतीच पाने काढते, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक लिलींच्या कंदाला फूल धरण्यासाठी 2 ते 5 अंश सेल्सिअस तापमानात साधारण 6 ते 8 आठवडे काढावे लागतात. विकत आणलेल्या कंदांना हा थंडावा शीतगृहात मिळालेला असतो, दुसऱ्या वर्षी तो कुठून मिळणार? हिवाळा सौम्य असेल तिथे विश्रांतीतील कंद काढून ओलसर कोकोपीटसह शीतकपाटात ठेवावे लागतात.

वृक्षनेच्याचे गणित निराळे आहे. त्याचे खोड झाडाच्या बुंध्यासारखे दिसते, पण ते लाकडाचा बुंधा नव्हे. आत उभे वाढणारे खोड असते आणि त्याभोवती बारीक, तंतुमय मुळांचा जाड थर असतो. डिक्सोनिया अंटार्क्टिका या जातीत हा थर विशेष दाट असतो. म्हणून नुसत्या आळ्यात पाणी सोडून भागत नाही, खोडही भिजवावे लागते. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत सकाळी वरून खालपर्यंत सावकाश पाणी द्यावे. दुपारी खोडावर तळहात टेकवून पाहावा. गार ओल लागली तर ठीक. मुळे कोरडी, खरखरीत लागली तर संध्याकाळी पुन्हा खोड भिजवावे. कोवळी पाने उलगडत असताना एकदा जरी खोड पूर्ण सुकले तरी पाने अर्ध्यावर थांबतात, टोके काळी पडतात, आणि ती पाने पुन्हा सावरत नाहीत. डिक्सोनियाचे खोड वर्षाला जेमतेम 2 ते 5 सें.मी. वाढते, तेव्हा हंगाम वाया गेला तर लवकर भरून निघत नाही.

दोन झाडांचा खरा संघर्ष इथे आहे. नेच्याला हवे असलेले तुषार किंवा फॉगर शेजारच्या लिलीच्या पानांवर तासन् तास ओल ठेवतात. ओल्या पानांवर बोट्रायटिस या बुरशीचा करपा झपाट्याने पसरतो. आधी लहान तपकिरी लांबट ठिपके दिसतात, मग खालची पाने लोंबून वाळतात आणि कळ्याही डागाळतात. अशा जागी बुरशीनाशकाच्या फवारण्या वाढवून उपयोग नाही, कारण ओल तशीच राहते. लिलीला ठिबकने किंवा झारीने थेट मुळाशी पाणी द्यावे, तेही सकाळी. वरचा थर थोडा सुकला की मगच पुढचे पाणी. फुले ओसरल्यावर बोंडे धरू न देता खुडून टाकावीत, दांडा पिवळा पडेपर्यंत तसाच ठेवावा आणि पाणी हळूहळू कमी करत न्यावे. लिलीला ही विश्रांती हवीच. नेच्याला मात्र कोणत्याही ऋतूत पूर्ण कोरडे ठेवून चालत नाही.

उजेडाचेही तसेच. लिलीला रोज साधारण 6 तास ऊन मिळावे आणि बुडाशी सावली किंवा आच्छादन असावे. अंधाऱ्या जागी दांडे बारीक होऊन उजेडाकडे वाकतात. वृक्षनेच्याला गाळून आलेला उजेड आणि वाऱ्यापासून आडोसा हवा. कोरडा वारा कडक उन्हाइतकाच त्याची पाने भाजून काढतो. दोन्ही एकाच बागेत हवेच असतील तर लिली पानांच्या घेराबाहेर, सकाळचे ऊन येते त्या बाजूला लावावी. पूर्ण वाढलेल्या नेच्याची पाने 2 मीटरपर्यंत पसरतात, हे आत्ताच धरून चालावे. माझा कल लिली कुंडीत लावण्याकडे आहे. तीन-चार वर्षांनी कंद विरळ करायला खणावे लागते आणि नेच्याच्या मुळांना अशी खणाखणी सोसत नाही.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. लिलीचे कोंब 10 ते 15 सें.मी. झाले की समतोल खत आणि कळ्या दिसू लागल्यावर पालाश जास्त असलेले खत द्यावे. ताजे शेणखत कंदाला लागू देऊ नये. नत्र जास्त झाले तर दांडे लुसलुशीत होऊन करपा वाढतो. नेच्याला वाढीच्या काळात शिफारशीच्या निम्म्या प्रमाणात पातळ केलेले द्रवखत पुरते, तेही माती आणि खोड भिजलेले असताना. दाणेदार खत शेंड्यात टाकू नये, कोवळी पाने करपतात.

हिमतुषारांचा धोका अजून टळला नसेल तर नेच्याचा शेंडा कोरड्या पेंढ्याने भरून ठेवावा आणि रात्रीचे पाणी शेंड्यात ओतू नये. तिथला एकमेव वाढबिंदू मेला तर सहसा सगळे झाड जाते. जुनी पाने नवी पाने येईपर्यंत कापू नयेत. कापताना डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, कारण पानांच्या देठांवरची बारीक लव, विशेषतः सायेथिया कूपेरी या वृक्षनेच्याच्या दुसऱ्या जातीची, डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देते.

खरेदी करताना जात विचारून घ्या. डिक्सोनियाचे बुडाशी कापलेले खोड ओल मिळाली तर पुन्हा मुळे धरते, सायेथियाचे सहसा धरत नाही. सायेथिया मुळासकट, कुंडीत रुजलेलाच घ्यावा. सायेथियाच्या जाती साईट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे दुसऱ्या देशातून आणलेल्या झाडाची कागदपत्रे पाहावीत आणि जंगलातून उपटून आणलेले झाड घेऊच नये.

घरात मांजर असेल तर लिली लावू नका. तिची पाने, फुले, परागकण, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. मांजराने थोडेसे जरी चावले किंवा अंगावरचे पराग चाटले असे वाटले, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच क्षणी पशुवैद्यकाकडे न्यावे.